मुठीतली काडी

नव्या घरातली पहिली रात्र होती. शनिवार, साडेअकरा वाजून गेले होते. सामानाची खोकी अजून बांधलेलीच होती आणि पंखा एकट्या हॉलमध्ये लागला होता, म्हणून पोरं तिथेच गाद्या टाकून पडली होती. पोरं म्हणजे थोरली मुलगी, तिचा भाऊ आणि सगळ्यात धाकटी, जिला घरात शेंडेफळ म्हणत. त्यांचे आईवडील दिवसभराच्या ओढाताणीनं आतल्या खोलीत कधीच झोपले होते. मोठे काका, म्हणजे पोरांच्या वडिलांचे थोरले भाऊ, भिंतीला पाठ लावून, अंगावर शाल घेऊन बसले होते. त्यांना झोप कमीच.

शेंडेफळ बाथरूमला गेली आणि परत आली ती हातात दाराची मूठ घेऊन. गोल, पितळी, जुन्या पद्धतीची. आईनं हौसेनं सगळ्या दारांना तसल्याच मुठी लावून घेतल्या होत्या.

"हे बघा. मी नुसतं दार ओढलं, तर ही माझ्याबरोबर निघाली."

"तुझ्या हातात काही टिकतं का?" भाऊ म्हणाला. "पहिल्याच दिवशी घराचा कान उपटलास."

"मी काही केलं नाही. आपोआप निघाली."

काका एकदम ताठ झाले. "काय म्हणालीस?"

"आपोआप निघाली म्हटलं."

"आण इकडे."

त्यांनी मूठ चष्म्याजवळ नेली. तिच्या मानेला एक बारीक भोक असतं, त्यात बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मूठ गच्च धरली आणि तो हात शालीखाली घेतला.

"स्क्रू पडला असेल ना काका?" थोरली म्हणाली. "तुमचा तर जन्म कड्याकुलपांच्या दुकानात गेला. लावून टाका की."

"सकाळी लावू. आज ते दार कोणी लावायचं नाही. उघडं राहू दे."

"उघडं? मग जायचं कसं?"

"गाणं म्हणत जा," भाऊ म्हणाला. "म्हणजे कोणी जवळ फिरकणार नाही."

काका हसले नाहीत. पोरांच्या ते लगेच लक्षात आलं, कारण अशा टोमण्यांना सगळ्यात आधी हसायचे ते काकाच. दिवा मालवला. पॅसेजमधला एक बारका दिवा राहिला. थोड्या वेळानं काका म्हणाले, "माझ्या ओळखीतल्या एका माणसाचं सांगतो. खरं आहे. ज्याच्यावर आलं त्यानंच मला सांगितलं."

"भुताची गोष्ट?" शेंडेफळ पांघरुणात सरकली.

"ते तुझं तू ठरव."

*

तर, एक कुलूपमिस्त्री होता. दारांना कड्या, खिट्या, लॅच, मुठी बसवायच्या, कुणाची चावी हरवली तर दार उघडून द्यायचं, हे त्याचं काम. शाळा लवकर सुटलेली. बोलायचा कमी, पण हाताला डोळे होते. बंद दारावर दोन बोटं टेकवली की आतून खिटी आहे की कडी, हे सांगायचा. लोक म्हणायचे, मिस्त्रीनं लावलेलं दार विसरून जावं. म्हणजे पुन्हा त्याच्याकडे बघावं लागत नाही.

एका सकाळी त्याला मास्तरांकडून बोलावणं आलं. मास्तरांच्या आईची खोली घराच्या मागच्या बाजूला. आजी विसरायला लागल्या होत्या. दोनदा त्यांनी आतून खिटी लावून घेतली आणि ती काढायची कशी तेच आठवेना. तासभर रडल्या बिचाऱ्या. तेव्हा मास्तरांची बायको, म्हणजे आजींची सून, म्हणाली, "मिस्त्री, आतली खिटी काढा. कडी काढा. नुसती फिरवायची गोल मूठ बसवा. त्यांना आतून उघडता येईल, मला बाहेरून."

विचार चांगला होता. सुनेनं सासूसाठीच केला होता.

आता ही मूठ कशी असते ते ऐका. दाराच्या जाडीत कुलूप, त्याची जीभ चौकटीत अडकते. त्याच्या आरपार एक चौकोनी सळई जाते. सळईच्या एका टोकाला आतली मूठ, दुसऱ्या टोकाला बाहेरची. आणि प्रत्येक मुठीच्या मानेत एक बारीक स्क्रू. त्याला डोकंसुद्धा नसतं. मुगाएवढा. पण तो मूठ आणि सळई एकमेकांना बांधून ठेवतो. तो नसेल तर मूठ म्हणजे नुसती टोपी.

मिस्त्री दुकानात गेला, मूठ घेतली, तिथेच डबा उघडून बघितला. सवयच होती. एक स्क्रू कमी.

"दुसरा डबा दे," तो दुकानदाराला म्हणाला.

"दुसरा परवा येईल. आज बसवून टाक. काडी घाल त्यात."

"रोजचं दार आहे. म्हाताऱ्या बाईच्या खोलीचं."

"मग तर झालंच," दुकानदार म्हणाला आणि हसला. "म्हातारीच्या अंगात मूठ उपटायचं बळ कुठून येणार? घाल काडी. परवा स्क्रू घेऊन जा."

आणि त्यानं स्वतःच्या काडेपेटीतून एक लाकडी काडी काढून पुढे केली.

"कोणता दुकानदार?" थोरलीनं विचारलं.

"होता एक," काका म्हणाले.

मिस्त्रीनं मूठ बसवली. बाहेरच्या मुठीला स्क्रू लावला. आतल्या मुठीच्या वेळी काडीचं गुल दातांनी तोडलं, टोक चावून मऊ केलं आणि मानेच्या भोकात ठोकून बसवलं. टोक ब्रशासारखं फुललं आणि घट्ट बसलं. त्याचा स्वतःचा एक नियम होता. दार उघडं ठेवून एकदा तपासायचं, मग दार लावून, आत उभं राहून, जोर लावून दहादा तपासायचं. त्या दिवशी त्यानं उघड्या दारावर तपासलं. बंद दारावर नाही. का नाही? कारण काडी आहे हे त्याला ठाऊक होतं.

आजी पलंगावर बसून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "मला फिरवू दे रे." दोन्ही हातांनी फिरवली. जीभ खट्टकन आत गेली. "किती हलकी आहे. बरं केलंस बाळा." आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"परवा येतो आजी, एक बारीक काम राहिलंय," मिस्त्री म्हणाला.

परवा गेला नाही. दुसऱ्या आठवड्यात गेला नाही. स्क्रू आला, दुकानाच्या खणात कागदाच्या पुडीत पडून राहिला. दुकानदारानंही आठवण केली नाही. राहून गेलं. दोघांच्याही मनात काही वाईट नव्हतं, पोरांनो. राहून गेलं, एवढंच.

पाच आठवड्यांनी पहाटे सहा वाजता मास्तरांचा शेजारी मिस्त्रीच्या दारात उभा. आजींचं दार उघडत नाही म्हणाला.

मास्तर त्या रात्री परगावी होते. घरात सून आणि तापानं फणफणलेला तिचा मुलगा. ती त्याच्या उशाशी पुढच्या खोलीत, मध्ये दोन दारं बंद. रात्रभर पट्ट्या बदलून पहाटे तिचा डोळा लागला होता. उठून सासूला चहा द्यायला गेली तर बाहेरची मूठ, सळईसकट, पॅसेजमध्ये जमिनीवर पडलेली. दाराला नुसतं चौकोनी भोक.

मिस्त्रीनं सळई भोकात घातली, फिरवली, दार ढकललं. दार पूर्ण उघडेना. पलीकडे आजी होत्या. दाराला टेकून बसल्या होत्या. गेल्या होत्या... मांडीवर आतली मूठ होती. दोन्ही हातांत धरलेली.

काय झालं असेल ते मिस्त्रीला दिसल्यासारखं कळलं. रात्री छातीत दुखलं. गोळ्या स्वयंपाकघरात, कारण त्या विसरून दोनदोनदा घ्यायच्या. दार उघडायला मूठ ओढली. हातात आली. त्यांनी ती परत बसवायला पुढे दाबली. कुणीही तेच करेल. दाबल्याबरोबर सळई पलीकडे सरकली आणि बाहेरच्या मुठीसकट खाली पडली. टण्ण. मग दोन्ही बाजूंनी दार कुणाचंच नाही.

बाकीचे आजींना उचलण्यात होते. कोणाचं लक्ष जायच्या आत मिस्त्रीनं ती मूठ घेतली. मानेतली काडी सैल लोंबत होती. त्यानं ती चिमटीत धरून खिशात टाकली. मूठ सळईवर चढवली, पिशवीतल्या दुसऱ्या एका मुठीचा स्क्रू काढून तिच्यात लावला, पिळला. किती वेळ लागला असेल? मी म्हणतो, एक मिनिटही नाही.

तेवढ्यात मास्तरांची बहीण आली. त्याच गल्लीत राहायची. आईला बघितलं, दार बघितलं, म्हणाली, "मूठ बाहेर कशी पडली? मिस्त्री, अशी मूठ आपोआप निघते का?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. सूनही. तापानं कण्हणारं पोर तिच्या खांद्यावर.

मिस्त्रीनं मूठ धरून ओढून दाखवली. हलली नाही. आणि म्हणाला, "नाही. कोणी काढल्याशिवाय निघत नाही."

*

काका थांबले. पॅसेजमधला दिवा जरा मिचकावला आणि पुन्हा नीट झाला.

"पण मग..." भाऊ म्हणाला, "मग सगळ्यांना वाटलं असेल की सुनेनं..."

"वाटलं नाही. ठरलं."

*

पोलिसात कोणी गेलं नाही. डॉक्टरांनी हृदयाचं लिहून दिलं. पण घरात ठरलं. आतून कोणी काढलेली नाही, म्हातारीच्या अंगात तेवढं बळच नव्हतं, मग बाहेरून काढली. बाहेर कोण होतं? एकच बाई. आतल्या कड्या कोणी काढायला लावल्या? तिनंच. गोळ्या लांब कोणी ठेवल्या? तिनंच. तिनं केलेली प्रत्येक चांगली गोष्ट उलटी होऊन तिच्याच अंगावर आली. मास्तर तिच्याशी कामापुरतं बोलायला लागले. नणंद पोराला उचलून स्वतःकडे घेऊन गेली, म्हणाली, लहान जीव आहे, इथे नको.

मिस्त्रीनं त्या संध्याकाळी ती काडी घरी गॅसवर धरली. जळून राख झाली. राख त्यानं मोरीत सोडली, वर पाणी ओतलं. बायकोनं विचारलं, काय जाळलंत? म्हणाला, काही नाही.

मनात म्हणायचा, आज सांगतो. उद्या सांगतो. मग म्हणायला लागला, आता इतक्या दिवसांनी सांगून काय होणार? त्या गल्लीतून जाणं त्यानं बंद केलं. लांबच्या वाटेनं कामाला जायचा. आणि लोक त्याचं कौतुक करायचे, तेव्हा त्याची मान खाली जायची. लोकांना वाटायचं, किती लाजाळू माणूस.

अकरा महिने गेले. एका मंगळवारी संध्याकाळी तो आपल्या चाव्यांच्या टपरीवर चावी घासत होता. समोर सावली पडली. वर बघितलं तर आजींची सून. वाळून काटकी झालेली.

"मिस्त्री, एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "रागावू नका. तुमच्या हातून शेकडो मुठी गेल्या असतील. कधीतरी... आपोआप निघते का?"

तो कानस चालवतच राहिला. "सहसा नाही, वहिनी."

"सहसा म्हणजे... कधी कधी निघते?"

किती जवळ आली होती बघा. नुसतं हो म्हणायचं होतं.

"नाही," मिस्त्री म्हणाला.

तिनं मान डोलावली. "हल्ली मलाच वाटायला लागलंय, झोपेत आपणच तर काढली नसेल? म्हणून विचारलं. परवा मला माहेरी पोहोचवणार आहेत. मुलगा इथेच राहील." पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "बरं, येते. तुमचा वेळ घेतला."

ती गेली. मिस्त्रीनं खाली बघितलं. चावी घासून घासून दात सपाट झाले होते.

*

त्या रात्री तो घरात एकटाच होता. बायको बहिणीकडे गेलेली. पुढच्या दाराला आतून अडसर, वर कडी, खाली खिटी. सगळं स्वतः लावलेलं. झोपायची खोली मागच्या बाजूला, तिलाही त्यानं स्वतःच मूठ बसवलेली. दोन्ही बाजूंना स्क्रू. दोन्ही स्क्रू त्यानं स्वतः पिळलेले.

जेवला नाही. पडून राहिला. कधी डोळा लागला कळलं नाही.

जाग आली तेव्हा घड्याळात दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. आणि एक आवाज येत होता.

गर्र... गर्र...

मूठ फिरत होती. पण पकडत नव्हती. पोकळ फिरते ना, तशी.

त्याला वाटलं, बायको लवकर परतली. "कोण आहे?"

आवाज थांबला.

मग आठवलं. अडसर आतून आहे. बायको आत येईल कशी?

तो उठला. अंधारात दारापाशी आला. मुठीवर हात ठेवला.

मूठ गरम होती.

थंडीचे दिवस. पितळ बर्फासारखं लागायला हवं. ही गरम. कोणीतरी खूप वेळ दोन्ही हातांनी धरून ठेवावी, तशी.

त्यानं फिरवली. फिरत राहिली. ओढली...

हातात आली.

आता ऐका. तीस वर्षं हे काम केलेला माणूस. आता काय करायचं नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? मूठ पुढे दाबायची नाही. त्याला माहीत होतं. आणि त्याच्या हातानं मूठ पुढे दाबली.

सळई सरकली.

टण्ण.

पलीकडे, जमिनीवर. मग घरंगळत गेल्याचा आवाज. लांब... मग काही नाही.

हत्यारांची पिशवी पुढच्या दारापाशी. खिडकीला गज. त्यानं दार वाजवलं. एकदा. दोनदा. हाक मारावी म्हटलं, तर काय म्हणून मारायची? मिस्त्री स्वतःच्या घरात कोंडला गेला?

तो खाली बसला. दाराला टेकून. हातात मूठ.

आणि मग त्याला कळलं की आपण कसे बसलो आहोत.

चौकोनी भोक त्याच्या डोक्याच्या जरा वर होतं. त्यातून गार हवा येत होती. थोडी येत होती, थांबत होती. थोडी येत होती... थांबत होती.

हवा नव्हती ती. श्वास होता.

पलीकडे कोणीतरी बसलं होतं. दाराला टेकून. अगदी तस्सं. त्याच्या पाठीला पाठ.

त्यानं कान लावला नाही. डोळा लावला नाही. वळून कपाळ दारावर टेकलं.

"काडी होती..." तो म्हणाला.

श्वास थांबला.

"स्क्रू नव्हता. मी... काडी घातली होती. परवा येतो म्हणालो... नाही आलो."

काही नाही.

"वहिनींनी काही केलं नाही. मी... मला माहीत होतं. तेव्हाच. त्या आज आल्या... तरी मी..."

गुडघ्यात डोकं घालून तो रडायला लागला. आवाज न करता, अंधारातही कोणी बघेल अशी लाज वाटत असल्यासारखा.

किती वेळ गेला कोण जाणे.

मग पलीकडे सरपटल्यासारखा आवाज झाला. हळूहळू. लांबून जवळ. धातू जमिनीवर घासत येत होता. तो दारापाशी आला. वर चढला.

टक. सळईचं टोक भोकाच्या शेजारी आपटलं. चुकलं.

टक. पुन्हा चुकलं. नीट न दिसणारा, कापरा हात असावा, तसं.

तिसऱ्यांदा सळई भोकात आली. थोडी थोडी करत इकडच्या बाजूला आली. बोटभर बाहेर आली. आणि थांबली.

कोणीतरी पलीकडून धरून ठेवली होती. त्याच्यासाठी.

आजींना त्या रात्री एवढंच हवं होतं.

त्यानं मूठ सळईवर चढवली. दोन्ही हातांनी धरली. फिरवली. जीभ खट्टकन आत गेली. दार उघडलं...

कोणी नव्हतं. पॅसेज रिकामा. पुढचा अडसर जागेवर, कडी जागेवर, खिटी जागेवर.

*

उजाडायची वाट न बघता तो मास्तरांच्या दारात जाऊन बसला. दार उघडलं तेव्हा उभा राहिला आणि उभ्या उभ्याच सांगितलं. मास्तरांना सांगितलं, बहिणीला बोलावून तिच्यासमोर सांगितलं. माहेरी जायची बॅग भरून भिंतीशी ठेवलेली होती. सून तिच्या शेजारी उभी राहून ऐकत होती.

मास्तर मटकन खाली बसले. बहीण उठली, घरी गेली आणि पोराला कडेवर घेऊन परत आली. त्याला आईच्या हातात दिलं. तिच्या तोंडाकडे मात्र बघू शकली नाही.

सुनेनं एवढंच विचारलं, "तेव्हाच माहीत होतं?"

"हो."

"काल मी आले तेव्हाही?"

"हो."

तिनं आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, त्याच्यासमोर ठेवला. म्हणाली, "पाणी प्या, आणि जा."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मिस्त्री मला म्हणाला होता. त्या पाण्याचा घोट आयुष्यभर घशात राहिला.

त्यानंतर तो पुष्कळ वर्षं काम करत होता. प्रत्येक दार लावून झालं की स्वतः आत उभा राहायचा, दार बंद करून, दिवा मालवून. लोक हसायचे. तीन वर्षांपूर्वी वारला.

*

मग शेंडेफळानं विचारलं, "आणि दुकानदार?"

काकांनी शाल अंगाभोवती ओढून घेतली.

"काडी तर त्यानंच दिली ना? त्यानं नाही सांगितलं?"

"मिस्त्रीनं त्याचं नाव घेतलं नाही. मूठ मी बसवली, तोंड माझं बोललं, असं म्हणायचा." काकांचा आवाज खाली गेला. "दुकानदार वाट बघत राहिला, कोणीतरी येईल, विचारील. त्या अकरा महिन्यांत ती बाई त्याच्या दुकानावरूनच भाजीला जायची. तो वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचा. नंतरही धरायचा. कोणी विचारलं नाही. मग त्यानं दुकान विकलं आणि... भावाकडे राहायला गेला."

थोरलीनं आपल्या भावाकडे बघितलं. आत वडील कुशीवर वळल्याचा आवाज आला.

"ती बाई अजून त्याच घरात राहते," काका म्हणाले. "नातवंडं झालीत." मग पुतण्याकडे न बघताच म्हणाले, "सकाळी मला गाडीवरून तिथे सोडशील? थांबू नकोस. लांबच उभा राहा."

"सोडतो काका."

काकांनी शालीखालचा हात बाहेर काढला. मूठ गादीवर ठेवली. इतका वेळ धरून त्यांच्या तळव्यावर गोल वळ उठला होता.

"ही कोणी बसवली रे इथे?"

"सुतारानं. परवा," थोरली म्हणाली. "माझ्यासमोर. डबा मीच उघडला, प्लास्टिक मी काढलं. स्क्रू मोजून दिले मी त्याला, काका."

भावानं मोबाइलचा उजेड मुठीच्या मानेत टाकला. आत काहीतरी फिकट, लाकडी होतं. त्यानं मूठ उलटी करून गादीवर हलकेच आपटली.

अर्धी काडी बाहेर पडली. गुल तोडलेली. एक टोक चावून ब्रशासारखं फुललेलं.

शेंडेफळानं बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

टोक ओलं होतं.